घोड नदीच्या खोऱ्यातून हॅम रेडिओ

हौशी रेडिओ म्हणजे सरकारी परवाना घेतलेल्या माणसाने, पैशाचा कोणताही हेतू न ठेवता, आपल्या घरातल्या यंत्रावरून दुसऱ्या परवानाधारकाशी बिनतारी बोलणे. जगभर या छंदाला हॅम रेडिओ म्हणतात आणि तो करणाऱ्याला हॅम. दोन हॅमच्या मधे कंपनी नसते, टॉवर नसतो, सिमकार्ड नसते. एका टोकाला एक यंत्र आणि अँटेना, दुसऱ्या टोकाला तसेच यंत्र आणि अँटेना, मधे फक्त डोंगर आणि आकाश. आकाशवाणीसारखे कार्यक्रम मात्र इथे करता येत नाहीत. गाणी लावणे, जाहिरात करणे, धंद्याचे निरोप देणे, सांकेतिक भाषेत गुप्त बोलणे, सारे मना आहे. आंतरराष्ट्रीय नियमांनी या सेवेचे तीनच हेतू सांगितले आहेत: स्वतःचे शिक्षण, आपसातला संवाद आणि तांत्रिक शोध. त्यातला पहिला हेतू सर्वांत मोलाचा आहे, कारण उरलेले दोन्ही त्याच्यावरच उभे राहतात.

भारतात ही परंपरा शंभर वर्षांहून जुनी आहे. १९२१ साली कोलकात्यात अमरेंद्रचंद्र गुप्तू आणि मुकुल बोस यांनी हौशी केंद्रे सुरू केली. १९३९ मध्ये दुसरे महायुद्ध सुरू होताच ब्रिटिश सरकारने सगळे परवाने रद्द केले. तरीही १९४२च्या ऑगस्टमध्ये मुंबईत उषा मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भूमिगत काँग्रेस रेडिओ चालवला, तेव्हा प्रक्षेपक उभारायला हाताशी आला तो नरिमन प्रिंटर हा एकेकाळचा परवानाधारक हॅमच. त्या केंद्राची तरंगलांबी ४२.३४ मीटर होती. हिशेब केला तर वारंवारता जवळजवळ ७.०९ मेगाहर्ट्झ येते, म्हणजे आजच्या हौशी रेडिओच्या ४० मीटर पट्ट्याच्या अगदी आतली. नोव्हेंबर १९४२ मध्ये पोलिसांनी छापा घालून केंद्र बंद पाडले. युद्ध संपल्यावर परवाने पुन्हा मिळू लागले.

पुढच्या काळात हॅम लोकांची ओळख समाजाला झाली ती संकटांमधून. ३० सप्टेंबर १९९३च्या किल्लारी भूकंपानंतर, २६ जानेवारी २००१ रोजी भूज हादरल्यावर आणि डिसेंबर २००४च्या त्सुनामीत टेलिफोन बंद पडले असताना त्यांनी निरोप पोचवले. त्सुनामी आली त्या दिवशी हैदराबादच्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ ॲमॅच्युअर रेडिओचे एक पथक भारती प्रसाद यांच्या नेतृत्वाखाली अंदमानात होते. ते गेले होते छंदाच्या कामाला, पण पोर्ट ब्लेअरचा मुख्य भूमीशी संपर्क राखण्याचे काम त्यांच्याकडे आले.

घोड नदीच्या खोऱ्यातल्या, पुणे जिल्ह्यातल्या आंबेगाव तालुक्याला हे दूरचे वाटण्याचे कारण नाही. ३० जुलै २०१४ रोजी सकाळी याच तालुक्यातले माळीण गाव डोंगराखाली गाडले गेले आणि १५१ माणसे दगावली. गाव जागेवर दिसत नाही ही गोष्ट बाहेर कळवली ती त्या रस्त्याने आलेल्या एसटीच्या चालकाने. तालुक्याचे ठिकाण असलेल्या घोडेगावात तहसील कार्यालय आहे, आदिवासी विकास प्रकल्पाचे कार्यालय आहे, ग्रामीण रुग्णालय आहे, महाविद्यालय आहे. पण डिंभे धरणाच्या वर, आहुपे आणि भीमाशंकरच्या बाजूला, खोरे अरुंद होत जाते, डोंगर अंगावर येतात आणि भर पावसात वीज गेली की फोनच्या टॉवरचा भरवसा राहत नाही. अशा खोऱ्यात टॉवरवाचून बोलू शकणारी दोनचार माणसे असणे ही चैन नाही.

टॉवरवाचून बोलणे डोंगराळ मुलखात कसे जमते, हे समजायला लहरींचा स्वभाव माहीत हवा. परीक्षेतही त्यावर प्रश्न असतातच. लहरीची लांबी मीटरमध्ये काढायची तर ३०० या आकड्याला मेगाहर्ट्झमधल्या वारंवारतेने भागायचे. १४५ मेगाहर्ट्झची लहर साधारण दोन मीटर लांब असते, म्हणून १४४ ते १४६ मेगाहर्ट्झच्या पट्ट्याला दोन मीटर पट्टा म्हणतात. हातात मावणारे वॉकीटॉकीसारखे संच याच पट्ट्यावर किंवा ४३४ ते ४३८ मेगाहर्ट्झवर चालतात. या लहरी जवळपास सरळ रेषेत जातात. सपाट जमिनीवर दोन्ही अँटेना १० मीटर उंच असतील तर त्यांचे रेडिओ क्षितिज साधारण २६ किलोमीटरवर येते. मधे डोंगर आला की मात्र आवाज तुटतो. घोडेगावातून सपाटीकडच्या मंचरच्या बाजूला पाच वॉटचा संच जितका चालेल, तितका तो आहुप्याच्या दिशेला चालणार नाही. त्यासाठी उंच टेकडीवर पुनःप्रक्षेपक बसवावा लागतो. तो खालून आलेला आवाज एका वारंवारतेवर घेतो आणि त्याच क्षणी दुसऱ्या वारंवारतेवर पुन्हा सोडतो.

७ मेगाहर्ट्झच्या लहरींची चाल वेगळी. पृथ्वीपासून शेकडो किलोमीटर उंचीवर सूर्याच्या किरणांनी हवेचे कण विद्युतभारित होतात, त्या थराला आयनांबर म्हणतात. ७ मेगाहर्ट्झची लहर तिथवर जाते, वाकते आणि खाली परतते. अँटेनाची तार जमिनीपासून फार उंच नसेल, चारपाच मीटरवरच बांधलेली असेल, तर तिची बहुतेक शक्ती जवळजवळ सरळ वर जाते आणि वरून पावसाच्या सरीसारखी सगळ्या खोऱ्यावर उतरते. डोंगराची आडकाठी तिला लागत नाही, कारण ती डोंगराच्या अंगाने जातच नाही. घोडेगाव आणि आहुपे यांच्यातले अंतर पक्ष्याच्या वाटेने थोडे. पण त्यांचा खात्रीचा बिनतारी दुवा अडीचशे ते तीनशे किलोमीटर वर जाऊन येतो. शेदोनशे किलोमीटरच्या परिसरात, पुण्यामुंबईपर्यंत, असाच संपर्क होतो. सूर्य मावळल्यावर आयनांबर हळूहळू विरळ होते आणि पहाटेच्या आधी सर्वांत दुबळे असते. तेव्हा ७ मेगाहर्ट्झची सरळ वर गेलेली लहर परत न येता पलीकडे निसटू शकते आणि ३.५ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यावर उतरावे लागते. लहान संचावरून मोठे अंतर कापण्यापेक्षा ही जवळची, डोंगर ओलांडणारी विद्या सह्याद्रीतल्या शिकाऊ हॅमने आधी आत्मसात करावी.

त्यासाठी लागणारी अँटेना घरी बनते. १४३ या आकड्याला मेगाहर्ट्झने भागले की अर्ध्या लहरीच्या तारेची लांबी मीटरमध्ये मिळते. ७.१ मेगाहर्ट्झसाठी ती सुमारे २० मीटर. म्हणजे दहा दहा मीटरच्या दोन तांब्याच्या तारा, मध्ये कोॲक्सियल केबल, टोकांना नायलॉनची दोरी आणि बांधायला दोन झाडे किंवा बांबू. गच्ची आणि समोरचा आंबा एवढ्यात काम भागते. प्रक्षेपक जोडण्याआधी तारेची लांबी कमीजास्त करून ती योग्य वारंवारतेला जुळते की नाही हे मीटरवर पाहायचे असते. न जुळलेल्या अँटेनातून शक्ती उलटी यंत्राकडे येते आणि महागडे ट्रान्झिस्टर जाळते. विजेच्या तारांजवळ अँटेना कधीही बांधू नये. वळवाचा ढग दिसला की केबल यंत्रापासून सोडवून ठेवावी आणि तारेला चांगली अर्थिंग असावी.

बोलायला परवाना लागतो, पण शिकण्याची सुरुवात ऐकण्यापासून करावी. साधा एफएम रेडिओ यासाठी उपयोगाचा नाही. हॅम लोक ७ मेगाहर्ट्झसारख्या लघुलहरींवर बहुधा एसएसबी नावाच्या पद्धतीने बोलतात आणि साध्या संचावर तो आवाज बदकाच्या क्वॅकक्वॅकसारखा ऐकू येतो. एसएसबी ऐकवणारा शॉर्टवेव्ह संच किंवा संगणकाच्या यूएसबीत बसणारा छोटा ग्राहक घेतला आणि अंगणात लांब तार टांगली की दार उघडते. ७ ते ७.२ मेगाहर्ट्झच्या दरम्यान सकाळी भारतातल्या हॅमच्या गप्पा चाललेल्या असतात. कोण कोणाला कसे बोलावतो, आवाज क्षीण असला तर अक्षरे कशी सांगतो, दोघे एकदम बोलू लागले तर मधला माणूस कसा वाट करून देतो, हे पुस्तकापेक्षा कानाने लवकर कळते.

नवशिक्याला हुरूप देणारी आणखी एक गोष्ट आकाशातून जाते. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकात हौशी रेडिओचे केंद्र आहे आणि ते १४५.८०० मेगाहर्ट्झवर ऐकू येते. साधारण ४०० किलोमीटर उंचीवरून जाणारे स्थानक एका फेरीत दहाएक मिनिटे ऐकू येण्याच्या टप्प्यात असते. जवळ येताना त्याची वारंवारता थोडी चढी आणि दूर जाताना उतरती लागते, आणि डॉप्लर परिणाम शाळेच्या पुस्तकाबाहेर प्रत्यक्ष अनुभवाला येतो. जुलै २०२५ मध्ये अंतराळवीर शुभांशु शुक्ला यांनी याच हॅम केंद्रावरून भारतातल्या विद्यार्थ्यांशी संवाद साधला. त्याआधी, ५ मे २००५ रोजी, इस्रोने हॅमसॅट हा खास हौशी रेडिओचा उपग्रह सोडला होता. २२ जून २०१६ रोजी पुण्याच्या सीओईपीच्या विद्यार्थ्यांनी घडवलेला ‘स्वयं’ हा एक किलोच्या आतबाहेरचा उपग्रह कक्षेत गेला. त्याचे कामच हौशी रेडिओवरून निरोप पोचवण्याचे होते.

परवान्याकडे वळताना दोन पायऱ्या लक्षात घ्याव्यात. दूरसंचार विभागाची डब्ल्यूपीसी ही शाखा हौशी रेडिओचे सारे कामकाज पाहते आणि भारतीय हौशी रेडिओची चौकट १९७८च्या नियमांनी घातली. आधी हौशी केंद्रचालकाची परीक्षा देऊन प्रमाणपत्र मिळवायचे, मग त्याच्या आधारे केंद्राचा परवाना. प्रमाणपत्राचे दोन दर्जे आहेत, रिस्ट्रिक्टेड आणि जनरल. दोन्हींसाठी वय १२ वर्षे पूर्ण हवे, म्हणजे सातवी-आठवीतले मूलही परीक्षेला बसू शकते. रिस्ट्रिक्टेडला मोर्स लागत नाही. जनरलसाठी मिनिटाला ८ शब्द या गतीने मोर्स पाठवता आणि घेता यावे लागते. रिस्ट्रिक्टेडमध्ये लघुलहरींवर ५० वॉटपर्यंत शक्ती वापरता येते, जनरलमध्ये काही पट्ट्यांवर ४०० वॉटपर्यंत. नवशिक्याने रिस्ट्रिक्टेडपासूनच सुरुवात करावी. चांगल्या तारेवर ५० वॉट पुष्कळ होतात. आधी ४०० वॉटचा हव्यास धरण्यापेक्षा तार सुधारण्यात वेळ घालवलेला बरा.

लेखी परीक्षेचे दोन भाग असतात: रेडिओचे तत्त्व आणि व्यवहार हा एक, नियम हा दुसरा. रिस्ट्रिक्टेडसाठी प्रत्येक भागात किमान ४० टक्के आणि एकूण ५० टक्के गुण लागतात, जनरलसाठी ५० आणि ५५. तत्त्वाच्या भागाची निम्मी तयारी दहावीच्या विज्ञानातच झालेली असते. ओहमचा नियम, रोधांची एकसर आणि समांतर जोडणी, ट्रान्सफॉर्मर, एसी-डीसी हे शालेय पाठ. १२ व्होल्टच्या बॅटरीला ६ ओहमचा रोध जोडला तर २ अँपिअर धारा आणि २४ वॉट शक्ती, इतके गणित तोंडी यायला हवे. पुढचा टप्पा धारित्र आणि कुंडल यांच्या अनुनादाचा. संचाचे बटण फिरवल्यावर हजार केंद्रांतून एकच का ऐकू येते, त्याचे उत्तर त्यात आहे. मग डायोड, ट्रान्झिस्टर, आवाज लहरीवर बसवण्याच्या एएम, एफएम आणि एसएसबी या पद्धती, सुपरहेटरोडाइन ग्राहकाची रचना, अँटेना आणि लहरींचा प्रवास. सुपरहेटरोडाइनचे चित्र पाठ करण्याऐवजी स्वतः काढून प्रत्येक खण कशासाठी आहे हे शेजाऱ्याला सांगून पाहावे. जिथे अडखळायला होते तिथला अभ्यास कच्चा.

नियमांचा भाग सोपा समजून पुष्कळ जण ढिलाई करतात. त्यात भारताचा समावेश असलेला आंतरराष्ट्रीय तिसरा विभाग, हौशी सेवेला दिलेले पट्टे, प्रसारणाचे प्रकार दाखवणारी ए३ई, जे३ई, एफ३ई अशी चिन्हे, मेडे आणि एसओएस या संकटाच्या हाका, अक्षरांची आंतरराष्ट्रीय वर्णमाला आणि क्यू-संकेत येतात. क्यूटीएच म्हणजे ठिकाण, क्यूएसएल म्हणजे मिळाल्याची पोच, क्यूआरएम म्हणजे दुसऱ्या केंद्रांचा अडथळा आणि क्यूआरएन म्हणजे आकाशातल्या विजांची खरखर. मे महिन्यात संध्याकाळी भीमाशंकरवर ढग जमले असताना सात मेगाहर्ट्झ ऐकले की क्यूआरएनचा अर्थ पुन्हा विसरता येत नाही. संकटाची हाक ऐकली तर आपले बोलणे थांबवून तिला वाट द्यायची, हा नियम परीक्षेतही विचारतात आणि हवेतही पाळला जातो.

अभ्याससाहित्य बहुतेक इंग्रजीत आहे आणि मराठी माध्यमाच्या विद्यार्थ्याला खरी अडचण तिथेच येते. यावर मार्ग म्हणजे दहावी-अकरावीच्या मराठी पुस्तकातून संकल्पना पक्की करून मग तिचे इंग्रजी नाव वहीत लिहीत जाणे. चारपाच जणांचा गट असेल, त्यात महाविद्यालयातला भौतिकशास्त्राचा एखादा शिक्षक आणि टीव्ही-मोबाइल दुरुस्त करणारा एखादा कारागीर असेल, तर अभ्यास झपाट्याने पुढे जातो. कारागिराला सोल्डरिंग आणि मल्टिमीटर येतो, शिक्षकाला सूत्रे येतात आणि मुले दोघांकडून घेतात.

मोर्स शिकायचे ठरवले तर टिंब-रेषांचा तक्ता भिंतीवर लावू नये. डोळ्यांनी शिकलेले मोर्स मिनिटाला चारपाच शब्दांच्या पुढे जात नाही, कारण प्रत्येक अक्षर मनात पाहून मग उतरवावे लागते. पहिल्या दिवसापासून अक्षर नादाने ऐकावे, दोन अक्षरे पक्की झाली की तिसरे घ्यावे आणि रोज थोडाच वेळ द्यावा. २००३ साली आंतरराष्ट्रीय परिषदेने देशांवरची मोर्सची सक्ती उठवली, तरी हवेत ते नाहीसे झालेले नाही. फार थोड्या शक्तीत आणि भरपूर खरखरीतही मोर्सचा नाद कानाला उमटतो.

परीक्षेचा आणि परवान्याचा अर्ज डब्ल्यूपीसीच्या सरल संचार या संकेतस्थळावर करायचा असतो. महाराष्ट्रात मुंबई आणि नागपूर ही परीक्षेची केंद्रे राहिली आहेत. उत्तीर्ण झाल्यावर परवान्यासाठी अर्जदाराची पडताळणी होते आणि याला वेळ लागतो, तेव्हा धीर धरावा. परवाना २० वर्षांसाठी किंवा आयुष्यभरासाठी मिळतो. त्यावर कॉलसाइन असते: रिस्ट्रिक्टेडसाठी व्हीयू३ आणि पुढे तीन अक्षरे, जनरलसाठी व्हीयू२. ही अक्षरे जगात दुसऱ्या कोणाला नसतात. परवाना हातात येण्यापूर्वी प्रक्षेपक चालवणे हा गुन्हा आहे. बाजारात सहज मिळणारा स्वस्त हातसंच घेऊन सहज बटण दाबून पाहणेही त्यात आले.

घोडेगावच्या हॅमपुढे देशातल्या फार थोड्या हॅमपुढे असेल असा एक प्रश्न आहे. पूर्वेला, जुन्नर तालुक्यातल्या खोडदला, जीएमआरटी ही महाकाय रेडिओ दुर्बीण आहे आणि तिचे केंद्र घोडेगावपासून सरळ रेषेत पंचवीसेक किलोमीटरवर येते. ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या, त्यातल्या १४ मध्यभागी आणि १६ तीन भुजांवर, अशी तिची मांडणी आहे. ती उभारणारे शास्त्रज्ञ गोविंद स्वरूप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा परिसर निवडला तो मुख्यतः इथे माणसाने केलेला रेडिओ गोंगाट कमी होता आणि भोवतीचे डोंगर शहरांचा गोंगाट अडवत होते म्हणून. १९ ऑक्टोबर २०१६ रोजी मंगळावर उतरणाऱ्या शियापरेली यानाचा क्षीण संदेश या दुर्बिणीने टिपला होता. इतकी नाजूक श्रवणशक्ती असलेल्या यंत्राशेजारी पाच वॉटचा संचही आरडाओरडा ठरू शकतो.

सुधारणेनंतर ही दुर्बीण सुमारे १२० ते १४५० मेगाहर्ट्झच्या बऱ्याच मोठ्या भागात ऐकते. हौशी रेडिओचे १४४ आणि ४३४ मेगाहर्ट्झचे दोन्ही पट्टे तिच्या पट्ट्यांत येतात. शिवाय कोणताही प्रक्षेपक मूळ वारंवारतेच्या दुप्पट-तिपटीवरही थोडी शक्ती सांडतो: १४५ची दुप्पट २९०, तिप्पट ४३५. तेव्हा या भागात अँटेना उभारण्याआधी खोडदच्या केंद्राशी बोलून कोणत्या वारंवारतेवर, किती शक्तीने आणि कोणत्या दिशेला बोलणे चालेल हे ठरवून घ्यावे. स्वस्त संचाऐवजी अनावश्यक लहरी गाळणारा चांगला संच घ्यावा. लघुलहरींचे पट्टे दुर्बिणीच्या पट्ट्यांच्या खूप खाली असल्याने नेहमीचे काम ७ मेगाहर्ट्झवर ठेवणे इथे दोन्ही बाजूंनी सोयीचे. २८ फेब्रुवारीला विज्ञान दिनानिमित्त खोडदला प्रदर्शन भरते. त्या वेळी तिथल्या अभियंत्यांशी गाठ घालून घेतलेला विद्यार्थी पुढे अँटेना, केबल आणि गोंगाट यांविषयी जे शिकतो ते कोणत्याही परीक्षेच्या पलीकडचे असते.

परवाना आल्यावर पहिली हाक देण्याची एक रीत आहे. आधी वारंवारता मोकळी आहे का हे ऐकायचे, मग ती कोणी वापरत आहे का हे विचारायचे, मग ‘सीक्यू’ ही सर्वांसाठीची हाक देऊन आपली कॉलसाइन सांगायची आणि थांबून ऐकायचे. कोणी उत्तर दिले की त्याचा आवाज किती स्पष्ट आणि किती जोरकस येतो हे आकड्यांत सांगायचे, आपले नाव आणि गाव सांगायचे. प्रत्येक संभाषणाची नोंद वहीत करतात: तारीख, वेळ, वारंवारता, पद्धत, समोरच्याची कॉलसाइन आणि आवाजाचे आकडे. वेळ जागतिक प्रमाणवेळेत लिहिण्याची चाल आहे. घोडेगावात सकाळचे सात वाजले असतील तर वहीत ०१३० लिहायचे. संभाषणाची पोच म्हणून दोघे एकमेकांना पोस्टकार्डाएवढे क्यूएसएल कार्ड पाठवतात. ॲमॅच्युअर रेडिओ सोसायटी ऑफ इंडिया ही संस्था परदेशी कार्डांची देवाणघेवाण सांभाळते. परवान्यावर केंद्राचा पत्ता नोंदलेला असतो, म्हणून घर बदलले तर डब्ल्यूपीसीला कळवून नवा पत्ता नोंदवून घ्यावा लागतो.